रुखवत निघालं प्रदर्शनाला

तुळशीचं लग्न लागलं, की मैत्रिणींनो, आपल्याकडे घराघरांतून पंचांग बाहेर निघतं. पुतणीचं नाहीतर भाचीचं, नाहीतर शेजारच्या मुलीचं कुठे ना कुठे जुळलेलं असतंच. अलीकडे पंचांगाच्या जोडीला आणखी एक रंगीत कागद दारात येऊन पडतो, तो म्हणजे लग्नाच्या प्रदर्शनाचा. साड्या, दागिने, मेंदी, पत्रिका, केटरिंग, सारं एका छपराखाली! आपण तिथे जातो, हिंडतो, दमतो, पापडाचा एखादा तुकडा चाखतो आणि घरी येताना मनात म्हणतो, ''अगं, ह्यापेक्षा बरं तर मी घरी करते! आपणही एक गाळा घ्यावा का?''

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर आज माझ्याबरोबर छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात चला. २०२३ पूर्वी ज्याला औरंगाबाद म्हणत, त्याच शहराचं हे पश्चिमेकडचं टोक. वेरूळची लेणी बघायला तुम्ही कधी ना कधी गेला असाल, तर पडेगावातून गेलाच आहात. बसच्या खिडकीतून लक्ष गेलं नसेल, एवढंच.

वाटेवरचं गाव

रेल्वे स्टेशनवर उतरून बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात या. तिथून पश्चिमेला निघालं की कर्णपुरा लागतो. इथल्या तुळजाभवानीची नवरात्रातली यात्रा म्हणजे शहरातल्या बायकांचं मोठं आकर्षण. बांगड्या, खेळणी, पाळणे, प्रसाद, नुसती झुंबड! पुढे छावणी. लष्कराची शिस्तीची वस्ती, जुनी झाडं आणि गजबजलेला बाजार. मग नगर नाका. इथे रस्ता फुटतो. एक वाट वाळूज आणि नगरकडे जाते, दुसरी दौलताबाद आणि वेरूळकडे. ह्या दुसऱ्या वाटेवर पहिलं मोठं गाव पडेगाव, मग मिटमिटा, मग शरणापूरचा फाटा.

पडेगाव आज महापालिकेच्या हद्दीत आहे. जुनं गाव आहे तिथेच आहे, पण त्याच्या अवतीभवती वसाहतींवर वसाहती उभ्या राहिल्या. इथे कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांची घरं आहेत, नोकरदारांची आहेत, निवृत्त फौजींचीही आहेत. मराठी आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. एका घरात चैत्रगौरीची आरास, तर शेजारच्या घरात ईदचा शीरखुर्मा. आणि ह्या साऱ्या घरांतल्या गच्च्या! उन्हाळ्यात ह्या गच्च्यांवर जुन्या साड्या, चादरी आणि प्लॅस्टिकचे कागद पसरलेले दिसले, की समजावं, आत गृहोद्योग चालू आहे.

ह्या शहराने पाण्याचे फार हाल सोसले. वर्षानुवर्षं नळाला चार-चार दिवसांनी, कधी तर आठवड्याने पाणी आलं. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, रोज त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. पाण्याचा वार बघूनच गहू भिजत घालायचा, हा हिशेब इथल्या बायकांच्या अंगी मुरलेला आहे. धंद्यात ज्याला नियोजन म्हणतात ते दुसरं काय असतं हो?

रस्त्यावरची शाळा

पडेगावच्या पुढे थोडं सरकलात, की दौलताबादच्या वाटेवर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. पावसाळा सरता सरता सीताफळं, थंडीत पेरू. प्रदर्शनात गाळा घ्यायचा विचार असेल, तर आधी पाच मिनिटं गाडी थांबवून ह्या बायकांकडे बघा. पिकलेलं फळ वर, डोळे उघडलेलं पुढे, कच्चं मागे. एक फळ फोडून ठेवलेलं, म्हणजे आतला पांढरा गर लांबूनच दिसावा. गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आत ती विचारते, ''आज खायचेत का परवा?'' आज खायचे असतील तर पिकलेली, गावी न्यायचे असतील तर कच्ची. तुम्हाला काय हवं, हे ती विचारीत नाही. कधी हवं, ते विचारते.

हा प्रश्न मनात जपून ठेवा. लग्नाच्या प्रदर्शनात तो फार उपयोगी पडणार आहे.

श्रावणातल्या शनिवारी ह्याच रस्त्याने शहरातली माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात, हनुमान जयंतीलाही जातात. सोमवारी घृष्णेश्वराची गर्दी. ते देऊळ आज आपण पाहतो तसं अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभं केलं. यात्रा आली की तिच्या मागोमाग बाजार येतो, ही आपल्याकडची जुनीच रीत. लग्नाचं प्रदर्शन हीसुद्धा एक यात्राच म्हणा ना! फरक इतकाच, की इथला देव म्हणजे मुहूर्त.

घरात काय काय तयार होतं?

लग्नाशी जोडलेल्या घरगुती वस्तूंची यादी करायला बसलं, तर वही पुरायची नाही. पण आपल्याकडे त्या साऱ्यांना सामावून घेणारा एक शब्द आहे, रुखवत.

खाण्याचं रुखवत घ्या. लाडू, करंज्या, चिरोटे, अनारसे तर आहेतच. पण मराठवाड्यातल्या रुखवताची खरी शोभा हातच्या वळवटात आहे. गव्हले, मालत्या, नखुल्या, फणोल्या, सरगुंडे! दुपारची झाकपाक झाली की चार बायकांनी गोल बसावं, बोटांच्या पेरांवर एकेक गव्हला वळावा आणि जगाच्या गप्पा माराव्यात, असं हे काम. आजच्या नव्या मुलीला ते येत नाही, आईला वेळ नाही, पण रुखवतात हवं मात्र असतं. म्हणूनच ते विकलं जातं. शिवाय पापड, कुरडया, सांडगे, खारोड्या आणि पाटावरच्या शेवया.

हातकामाचं रुखवतही तसंच. सुपाऱ्यांची सप्तपदी, साखरेचं तुळशीवृंदावन, सजवलेला अंतरपाट, मोत्यांच्या मुंडावळ्या, अक्षतांच्या पुड्या, ओटीची ताटं, आहेराच्या साड्यांचे मोर आणि कमळं, हळदीकुंकवाच्या कुयऱ्या. पैठणीच्या काठांपासून केलेल्या पर्स आणि बटवे आहेत. ब्लाउजवरचं आरीकाम आहे. दखनी घरांतून जरदोजीची कामं होतात, मांझ्याच्या म्हणजे हळदीच्या पिवळ्या ओढण्यांना गोटा लावून मिळतो.

हे शहर कापडाच्या बाबतीत पहिल्यापासून भाग्यवान. पन्नासेक किलोमीटरवर पैठण. सातवाहनांची ती राजधानी, आणि तिथला माल भडोचच्या बंदरात जात असल्याचा उल्लेख पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तिथली पैठणी, तिच्या पदरावरचे बांगडी मोर आणि मुनिया तुम्हाला मी काय सांगावे! शहरातला हिमरू सूत आणि रेशीम मिळून विणतात. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेला आणली, त्याच्याबरोबर ही कला इथे आली असं सांगतात. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. अस्सल हातमागाची पैठणी विणायला आठवडे, कधी महिने लागतात. यंत्रावरच्या साडीला 'पैठणी' म्हणून विकू नका. यंत्रावरची असेल तर तसं सांगा आणि तशीच किंमत लावा. गिऱ्हाईक आज फसेल, पण तिची नणंद पदर उलटून बघितल्याशिवाय राहायची नाही.

ऊन एकीकडे, मुहूर्त दुसरीकडे

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या मालाला दोन पंचांगं असतात आणि दोन्ही उलट्या दिशेने चालतात.

वाळवणाचं पंचांग उन्हाचं. कुरडया, पापड, सांडगे व्हायचे ते चैत्र-वैशाखात. मराठवाड्याचं ते कडक ऊन दुसऱ्या महिन्यात मिळणार नाही. लग्नाचं पंचांग मात्र कार्तिकातल्या तुळशीविवाहानंतर सुरू होतं, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मिटतं. प्रदर्शनं भरतात ती बहुधा ह्या हंगामाच्या तोंडावर, श्रावण ते दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे एप्रिलमध्ये घातलेला पैसा हातात यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. सहा महिने गहू, उडीद, तेल, मसाला यांत अडकलेली रक्कम घरखर्चातून काढलेली असेल, तर घरात कुरबुर होणारच. म्हणून पहिल्या वर्षी वाळवणाचा माल थोडा करा, आणि त्याच्या जोडीला मागणीप्रमाणे होणारी वस्तू ठेवा. मुंडावळ्या, ओटीची ताटं, लाडू-करंज्या यांत पैसा आठ-पंधरा दिवसच अडकतो.

अधिक महिनाही बघून ठेवा. अधिकात लग्नं लागत नाहीत. २०२३ साली श्रावण अधिक होता. तो चातुर्मासातच आल्यामुळे लग्नसराईला फारसा धक्का बसला नाही. २०२६ च्या पंचांगात मात्र ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे ऐन सराईतला महिना गेला! रमजानच्या महिन्यात निकाह सहसा होत नाहीत, ईदनंतर मात्र घाई उडते. दोन्हीकडची गिऱ्हाइकं असणाऱ्या बाईने दोन्ही पंचांगं भिंतीवर लावावीत.

गाळा घ्यावा की घेऊ नये?

शहरातली मोठी विक्री-प्रदर्शनं स्टेशन रस्त्यावरच्या अयोध्यानगरी मैदानासारख्या मोकळ्या जागेत भरतात, लहान प्रदर्शनं मंगल कार्यालयात नाहीतर हॉटेलच्या दालनात. गाळ्याचे पैसे भरण्याआधी मांडणाऱ्यांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. भाड्यात टेबल, खुर्च्या, दिवे आणि विजेचं बटण धरलं आहे का? गाळा दारापासून किती आत? आपल्यासारखाच माल असलेले आणखी किती गाळे? आणि प्रवेश मोफत आहे की तिकीट? तिकीट असेल तर गर्दी कमी, पण येणारी घेणारी असते. मोफत असेल तर दोन्ही उलट. ठरलं ते कागदावर लिहून घ्या आणि पावती जपून ठेवा.

आता एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, दोन दिवसांचं भाडं ६,००० रुपये. जाणं-येणं आणि मांडणी १,५००. चाखायला दिलेला आणि फुटलेला माल १,०००. एकूण ८,५००. तुमच्या मालात शंभरामागे ३० रुपये सुटतात असं धरलं, तर नुसता खर्च भरून निघायला २८,००० च्या वर विक्री व्हायला हवी. दोनशे रुपयांचं पाकीट धरलं, तर एकशे चाळीसहून जास्त पाकिटं! दोन दिवसांत पापडाची इतकी पाकिटं खपणं सोपं नाही.

पण त्याच गाळ्यावर ६,००० रुपयांच्या पूर्ण रुखवताच्या पाच ऑर्डरी मिळाल्या, तर प्रत्येकी १,८०० प्रमाणे ९,००० सुटले आणि खर्च निघाला. म्हणून सांगते, लग्नाच्या प्रदर्शनात पाकिटं विकायला जाऊ नका, ऑर्डरी लिहून घ्यायला जा. पाकिटं ठेवायची ती ओळख म्हणून. घरी जाऊन कुणी एक कुरडई तळून बघावी आणि पाकिटावरचा फोन नंबर फिरवावा, एवढंच त्यांचं काम.

टेबलामागची बाई

माल सपाट पसरून ठेवू नका. रुखवत मांडतो तशा दोन-तीन पायऱ्या करा आणि पूर्ण मांडलेलं एकच रुखवत समोर ठेवा. मागे खोकी, वर पसारा, असं नको. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहा. किंमत न दिसणाऱ्या गाळ्यावर मध्यमवर्गीय बाई विचारायलाच लाजते आणि पुढे जाते. चाखायला ठेवलेलं झाकून ठेवा आणि चिमट्याने द्या. सुट्टे पैसे बरोबर घ्या. फोनवरून पैसे घेणार असाल, तर आवाज ऐकू येण्याइतका मोठा ठेवा, कारण संध्याकाळी सहानंतरच्या गर्दीत पैसे आले की नाही हे कळत नाही. एकटीने जाऊ नका. जाऊबाई, नणंद, कॉलेजातली मुलगी, कुणीतरी बरोबर असावं. एकीने बोलावं, दुसरीने लिहावं.

''काय देऊ, ताई?'' असं विचारलंत, तर ''नुसतं बघतेय'' हेच उत्तर येणार. सीताफळवालीसारखं विचारा, ''लग्न कधीचं, काकू?'' ह्या प्रश्नाला नुसतं 'बघतेय' असं उत्तरच नाही! तारीख सांगितली की कार्यालय येतं, मग मुलीचं सासर येतं आणि बोलणं सुरू होतं. लग्न घरात नसेल, तर हसून एक कार्ड द्या आणि पुढच्या बाईकडे वळा. कपडे-दागिने नवरी ठरवते, पण रुखवत बहुधा तिची आई, आत्या नाहीतर मावशी ठरवते. तेव्हा बोलताना नजर दोघींकडे हवी.

ऑर्डरीची वही आधीच आखून न्या. नाव, फोन, लग्नाची तारीख, कार्यालय, काय हवं, एकूण रक्कम, इसार किती, माल कधी न्यायचा, असे रकाने पाडा. इसार निम्म्याच्या आत घेऊ नका, आणि ऑर्डर मोडली तर इसारातलं काय परत मिळेल, तेही पावतीवर लिहा. माल न्यायची तारीख लग्नाच्या आठ दिवस आधीची धरा. घरी आल्यावर आठ दिवसांच्या आत प्रत्येक नंबरावर एकदा बोला. एकदाच हं! रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवीत बसू नका, त्याने माणसं कंटाळतात.

आणि एक महत्त्वाचं. ऑर्डरी मोजताना एकूण किती झाल्या ते बघू नका, एका मुहूर्तावर किती आल्या ते बघा. हंगामात वीस रुखवतं तुम्ही सहज कराल, पण त्यातली नऊ एकाच आठवड्यातल्या मुहूर्तांवर असतील तर? लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही. साडीचा फॉल उशिरा मिळाला तर चालतं, रुखवत मांडव सुटल्यावर नेऊन काय करायचं? एका आईला त्या दिवशी पाहुण्यांपुढे खाली मान घालावी लागली, तर पडेगावपासून हडकोपर्यंत बातमी जायला संध्याकाळही लागणार नाही. म्हणून एका मुहूर्ताला आपल्या हातून किती होईल तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तेवढ्या भरल्या की नम्रपणे सांगा, ''ह्या तारखेचं नाही जमायचं, मावशी.'' आलेलं काम परत पाठवायला जीव तुटतो, कबूल. पण पुढच्या वर्षीचं काम त्यावरच उभं राहतं.

कागदपत्रं आणि सावधगिरी

खाण्याचे पदार्थ विकणार असाल, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी हवी. घरगुती उद्योगासाठी ती साधी असते आणि ऑनलाइन करता येते. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, आपलं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीतली हिरवी खूण. उद्योगाची 'उद्यम' नोंदणी २०२० पासून आहे आणि ती मोफत आहे. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले, तर सरळ उठून यावं.

प्रदर्शनात आणखी एका जातीची मंडळी भेटतील. डबे, प्रसाधनं, औषधी चूर्णं विकतात, आणि विकता विकता म्हणतात, ''तुम्हीच आमच्यात या ना! अमुक हजार भरा, दोघींना आणा, मग बघा घरबसल्या कसे पैसे येतात!'' घरोघरी जाऊन माल विकणं हा चांगला धंदा आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण माल विकल्यापेक्षा माणसं जोडल्याचे पैसे जास्त मिळत असतील, तर चार हात लांब राहा. पैसा फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीसाठी २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमांतही पिरॅमिड पद्धत मना आहे. ओळखपत्र न दाखवता आणि आधी न विचारता विक्रेत्याने कुणाच्या घरी जाऊ नये, असंही त्या नियमांत आहे. ह्यात बुडतो तो पैसा तर असतोच, पण शेजारणीशी आणि नणंदेशी असलेलं नातंही त्याबरोबर बुडतं. ते कुठल्या कोर्टात भरून मिळायचं?

चार पाकिटांपासून

''आमचं कुठे एवढं मोठं होणार!'' असं म्हणू नका. १९५९ सालच्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी सुरुवातीलाच दोन नियम घातले होते. देणगी घ्यायची नाही, आणि मालाच्या दर्जात तडजोड नाही.

आपल्या राज्याने १९७५ साली, महिला वर्षात, महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केलं. त्याच्या आणि 'उमेद' अभियानाच्या बचतगटांचा माल 'सरस' प्रदर्शनांतून विकला जातो. मुंबईचं महालक्ष्मी सरस तर तुम्ही ऐकून असालच. मुंबईत मीनल मोहाडीकर यांच्या 'ग्राहक पेठे'ने कितीतरी घरगुती उद्योजिकांना पहिला गाळा दिला. तुम्ही एकट्या असाल आणि भाडं झेपत नसेल, तर बचतगटात शिरा, नाहीतर तिघी मिळून एक गाळा घ्या. एकीचं वळवट, दुसरीच्या मुंडावळ्या, तिसरीचं आरीकाम. माल वेगवेगळा असला की भांडणही होत नाही आणि टेबलही भरलेलं दिसतं.

रुखवत हौसेचं, मागणीचं नव्हे

शेवटी जरा मनातलं बोलते. रुखवत विकताना एक वाक्य जिभेवर येऊ देऊ नका, ''मुलीच्या सासरी काय म्हणतील?'' ह्या वाक्याने माल खपतो, खरं आहे. ज्या आईची ऐपत तीन हजारांची आहे ती दहा हजारांचं नेते, आणि घरी जाऊन भिशीचे पैसे मोडते. हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद झाला आहे. रुखवताच्या आडून तो परत यायला आपण बायकांनीच हात लावू नये. लहान, नीटनेटकं, परवडणारं रुखवतही तुमच्या टेबलावर मांडलेलं असू द्या. त्याच्याशी थबकलेल्या आईला मोठ्याकडे ओढू नका.

आणि स्वतःच्या बाबतीतही कंजूषपणा नको. भाव काढताना पीठ-तेल धरता, गॅस धरता, पण आपले हात धरता का? दिवसाचे पाच तास दहा दिवस राबलात, तर त्याची मजुरी किमतीत दिसलीच पाहिजे. घरातल्यांना, नातेवाइकांना द्यायचंच असेल, तर भेट म्हणून एक पाकीट द्या. उरलेलं भावाने. पैसे स्वतःच्या नावाच्या बँकखात्यात भरा. ते पुढे मुलाच्या शिक्षणाला जातील, घराच्या हप्त्याला जातील, हे मला ठाऊक आहे. पण आधी तुमच्या खात्यातून जाऊ द्या. घरातल्या बाईच्या शब्दाला त्याने जे वजन येतं, ते सांगून समजायचं नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला वेरूळ-दौलताबादची सहल निघाली, तर नगर नाका ओलांडल्यावर खिडकीकडची जागा पकडा. पडेगावच्या गच्च्यांकडे बघा, पुढे सीताफळवालीजवळ थांबा, आणि तिने 'आज खायचे का परवा' विचारलं की तिच्याकडे नीट लक्ष द्या. घरी आलात की पंचांग, वही आणि पेन्सिल घेऊन बसा. एका मुहूर्ताला आपल्या हातून किती होईल, तो आकडा आधी लिहा. गाळ्याचं नंतर बघू!